माई कोसळत नाहीत

सिनेमाच्या धंद्यात त्यांना सगळे माई म्हणत. खरं नाव पडद्यावर अगदी शेवटी, बारीक अक्षरांत यायचं, आणि तोवर लोक खुर्च्यांवरून उठून दाराकडे निघालेले असत. माईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. ऐन तारुण्यात त्यांनी पहिल्यांदा आईचं काम केलं, तेही त्यांच्याहून वयाने मोठ्या हिरोच्या आईचं, आणि मग आईच होऊन बसल्या. आजारी आई, आंधळी आई, हरवलेल्या मुलाची वाट पाहणारी आई. पण त्यांचा खरा हातखंडा होता तो कोर्टातल्या आईचा. मुलाला शिक्षा सुनावली की माई पिंजऱ्यात कोसळायच्या. आधी डोळे वर जायचे, मग गुडघे, मग हळूच खांदा. खाली गादी अंथरलेली असायची, पण बघणारा त्यांना सावरायला नकळत हात पुढे करायचा.

तेव्हा एका तरुण दिग्दर्शकाने कोर्टाचा सिनेमा काढायचं ठरवलं आणि पहिला फोन माईंना केला, यात नवल नव्हतं.

गोष्ट सांगायला तो घरी आला. माईंची लेक जेवणाच्या टेबलावर काम करत बसली होती. ती दातांच्या कवळ्या बनवायची, आणि प्लास्टरचे जबडे टेबलभर वाळत पडलेले होते. दिग्दर्शकाने एक जबडा जपून बाजूला सारला, आपली फाईल ठेवली आणि सुरू केलं.

"एका बड्या माणसाचा खून झालाय. माई, तुमचा मुलगा आरोपी. त्याचा वकील आपला हिरो. खटला हातातून गेल्यासारखा वाटतो, सगळे पुरावे विरोधात. आणि शेवटच्या दिवशी पुराव्याची मोठी ट्रंक कोर्टात आणतात. हिरो खिशातून पुडी काढतो आणि ट्रंकेवर मिरपूड टाकतो."

"मिरपूड?" माई म्हणाल्या.

"मिरपूड. कोर्टात शांतता. आणि ट्रंकेतून शिंक येते. झाकण उघडतं आणि मेलेला माणूस बाहेर. जिवंत."

"तो आत कधीपासून असतो?" लेकीने मान वर न करता विचारलं.

"खटला सुरू झाल्यापासून."

"मग खातो काय?"

"ते आपण दाखवत नाही," दिग्दर्शक म्हणाला आणि घाईने पुढे सरकला. "आता खरी गंमत. या सगळ्यामागे न्यायाधीशच असतो. पकडला जाणार म्हटल्यावर तो खुर्चीमागच्या चोरदारातून गच्चीवर पळतो. वर हेलिकॉप्टर."

माईंना मजा वाटत होती. असले सिनेमे त्यांना मनापासून आवडायचे. खुर्चीमागे चोरदार का, असं त्या विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी हेलिकॉप्टर किती मोठं, हिरो त्याला लोंबकळणार का, हेच विचारलं. लोंबकळणार होता.

"आणि तुमचा मोठा प्रसंग मध्यंतराच्या आधी," दिग्दर्शक म्हणाला. "सरकारी वकील तुम्हाला पिंजऱ्यात फैलावर घेतो. प्रश्नांवर प्रश्न. तुम्हाला उत्तर सुचत नाही. तुम्ही कोसळता. पडदा."

"बाकी सगळं करते," माई म्हणाल्या. "कोसळणार नाही."

दिग्दर्शक हसला. त्याला वाटलं, माई गंमत करताहेत. लेकीचा हात मात्र थांबला. तिने आईकडे पाहिलं, आणि मग पुन्हा खाली मान घालून जबडा घासायला लागली.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी लेकीचा घटस्फोट झाला तेव्हा नात कुणाकडे राहणार यावरून कोर्टात भांडण लागलं. नात अजून बाटलीने दूध पीत होती. लेकीच्या बाजूने साक्ष द्यायला माई उभ्या राहिल्या. जावयाचा वकील शांत, गोड बोलणारा, सतत चष्मा पुसणारा माणूस होता. त्याने घराबद्दल विचारलं, शूटिंगच्या वेळांबद्दल विचारलं, आणि मग सहज म्हणाला, "बाई, आपण रडण्याचे पैसे घेता, खरं ना?"

माई म्हणाल्या, "काम करण्याचे घेते."

"पण ठरवलं की रडू येतं."

"येतं."

"मग आता ज्या नातीवर आपलं एवढं प्रेम आहे असं म्हणता, तिच्यासाठी आपल्या डोळ्यांत पाणी का नाही? की इथे कॅमेरा नाही म्हणून?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माईंना खरं तर त्याच क्षणी रडू फुटत होतं. पण आता रडलं तर ते नाटक ठरणार, हे त्यांना दिसत होतं, आणि त्या दात आवळून कोरड्या डोळ्यांनी उभ्या राहिल्या. निकालात न्यायाधीशांनी एक ओळ घातली, की आजीच्या ठायी नातीविषयी ओलावा दिसून आला नाही. नात बापाकडे गेली. लेकीला रविवार मिळाले.

रडले असते तर नाटकी, नाही रडले तर दगड. माईंनी त्या दिवशी कानाला खडा लावला. पिंजरा खरा असो की लाकडी फळ्यांचा, पुन्हा कुणी म्हणेल म्हणून त्यात पडायचं नाही. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. कोर्टाचं काम आलं की तारखा नाहीत म्हणून सांगायच्या, आणि मधल्या काळात त्यांनी दवाखान्यातल्या आईची बक्कळ कामं केली. हा सिनेमा त्यांनी घेतला तो मिरपुडीमुळे.

शूटिंग सुरू झालं. दिग्दर्शकाने कोसळण्याचा विषय काढला नाही आणि माईंनीही नाही. दोघंही समजून होते की समोरचा ऐनवेळी नमतं घेईल.

कोर्टाचा सेट एका जुन्या गोदामात लावला होता. भिंती प्लायवूडच्या, न्यायाधीशाची खुर्ची सिंहासनाएवढी, आणि पिंजऱ्याला असं काही पॉलिश मारलेलं की हात चिकटायचा. माई पोचल्या तेव्हा पिंजऱ्यात निळी गादी अंथरलेली होती.

"ही उचला," माई म्हणाल्या.

सेटवरच्या माणसाने दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने निर्मात्याकडे पाहिलं. निर्माता आज मुद्दाम आला होता. जाडजूड, घामट माणूस, हातात नेहमी थंड पाण्याची बाटली.

"माई, हे काय ऐकतोय मी?" तो म्हणाला. "अहो, मध्यंतर आहे. बाई पडल्याशिवाय लोक खुर्चीतून उठणार कसे?"

"त्यांना लघवीला जायचं असतं. उठतील."

मागे उभी असलेली मेकअपवाली हसू दाबत पाठमोरी झाली.

"मी विनोद करत नाहीये," निर्माता म्हणाला.

"मीही नाही. तुझा मेलेला माणूस ट्रंकेत राहतो, मी काही बोलले नाही. तुझा न्यायाधीश हेलिकॉप्टरने पळतो, मी टाळ्या वाजवल्या. पण या बाईचा मुलगा फासावर जायची वेळ आलीय आणि तिला बोलायची एकच संधी मिळालीय. ती पडेल कशाला?"

"कारण ती आई आहे."

"म्हणूनच म्हणते, पडेल कशाला?"

निर्मात्याचा चेहरा लाल झाला. दुसरी नटी आणतो, असं तो म्हणाला. माई म्हणाल्या, खुशाल आण. पण अर्धं काम चित्रित झालं होतं, माईंचा चेहरा सिनेमाभर पसरलेला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो पाणी प्यायला. सरकारी वकिलाचं काम करणारा नट, एक सुकलेला, रंगभूमीवर मुरलेला म्हातारा, काळ्या कोटात घामाघूम होऊन कधीचा ताटकळत होता. तो म्हणाला, "एक टेक माईंच्या मनासारखा घ्या. नंतर तुमच्या मनासारखा बघू. मला हा कोट सोसवत नाही."

गादी उचलली. दिवे लागले.

म्हाताऱ्याने प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. खून झाला तेव्हा मुलगा कुठे होता, शर्टावर डाग कशाचा, आई म्हणून खोटं बोलताय का. माई ठरल्याप्रमाणे अडखळल्या, ठरल्याप्रमाणे कठड्याला धरलं. म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य होतं, "तुमच्या पोटी खुनी जन्मला, हे कबूल करा." इथे गुडघे जायचे होते.

माईंनी कठडा सोडला. सरळ झाल्या.

"पुन्हा विचारा," त्या म्हणाल्या.

म्हातारा कसलेला नट. हे कागदावर नव्हतं, पण तो थांबला नाही. "कबूल करा."

"हे तुम्ही विचारलं नाहीत. हे तुम्ही सांगितलंत. मला विचारा. मी इथेच उभी आहे. तुम्ही दमेपर्यंत उभी राहीन."

म्हातारा पुढचा प्रश्न शोधत हातातले कागद चाळायला लागला. तो खरोखरच विसरला होता की हे शूटिंग आहे. दिग्दर्शक "कट" म्हणायचं विसरला. मग निर्मात्याच्या हातातली बाटली निसटून गडगडत गेली आणि सगळे भानावर आले.

दुसरा टेक माईंनी दिला नाही. मेकअप पुसला, शूटिंगची साडी बदलली आणि रिक्षा बोलावून घरी आल्या.

घरी मात्र वेगळंच वाढून ठेवलं होतं. मेकअपवालीने ही हकीकत कौतुकाने कुणाला तरी सांगितली, आणि फिरत फिरत ती माई पोचायच्या आत लेकीच्या फोनवर पोचली होती.

"आई, माझ्या केसचा तू सीन केलास?" लेकीने विचारलं.

"तुझं एक वाक्यही नाही त्यात."

"वाक्य नसेल. पण तू तिथे उभं राहून मनातलं बोललीस. प्लायवूडच्या कोर्टात. जिथे बोलायला हवं होतं तिथे तोंडातून शब्द काढला नाहीस."

माई खुर्चीवर बसल्या. त्यांना हे लागलं, कारण ते खरं होतं. "तेव्हा वाटलं, गप्प राहिले म्हणजे त्याचा डाव फसला," त्या म्हणाल्या. "फसली मीच. पण तू एवढी चिडलीस, तर पुन्हा अर्ज का करत नाहीस? पोरगी आता शाळेत जाते. न्यायाधीश बदलले."

"आणि रविवारही गेले तर?"

लेक उठून आपल्या जबड्यांकडे गेली, आणि कितीतरी दिवस दोघी कामापुरतंच बोलल्या.

सिनेमा लागला आणि तुफान चालला. समीक्षकांनी त्याचे वाभाडे काढले, त्यामुळे आणखी चालला. मिरपुडीच्या प्रसंगाला लोक आधीच शिंकायला लागायचे. लेकीला त्या सिनेमाचं नावही नको होतं, पण ती कवळ्या द्यायची त्या लॅबमधल्या सगळ्यांचा पाहून झाला तेव्हा ती म्हणाली, "चल, बघून तरी येऊ काय केलंयस ते." दोघी दुपारच्या खेळाला गेल्या. माईंनी मोठा चष्मा लावला होता, तरी तिकीटवाल्याने ओळखलंच.

तो प्रसंग आला. म्हाताऱ्याची सरबत्ती, माईंचं अडखळणं. मग माई सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा विचारा." थिएटरात मघापासून गोंधळ घालणारी टोळकी चिडीचूप झाली. माईंना हायसं वाटलं. दिग्दर्शकाने तो टेक ठेवला होता.

तुम्ही दमेपर्यंत उभी राहीन, असं पडद्यावरची बाई म्हणाली. आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये पाठमोरी, धप्पकन पडली.

पडणारी बाई माईंहून हातभर उंच होती. खांदे पैलवानासारखे. माई पिंजऱ्यात अनवाणी होत्या, हिच्या पायात बूट होते. निर्मात्याने नंतर कुणालातरी उभं करून हे उरकलं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळावं. थिएटरात हशा उसळला. माईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या उठणार होत्या, तेवढ्यात शेजारी बघितलं तर लेक खुर्चीत वाकून, पोट धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. घटस्फोटानंतर लेक अशी हसलेली माईंनी पाहिली नव्हती.

"आई, बूट," ती कशीबशी म्हणाली. "तुला पाडायला त्यांना दुसरी बाई आणावी लागली."

मध्यंतरात दिवे लागले. लेकीने डोळे पुसले. "पोरीच्या बापाला रविवार काढून घ्यायचे असतील तर काढून घेऊ दे," ती म्हणाली. "मी अर्ज करते."

पुढचं सिनेमासारखं झालं नाही. तारखांवर तारखा पडल्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा जावई आजारी, एकदा वीज नाही. लेकीच्या नाकी नऊ आले. तिच्या वकीलबाई तिला दर वेळी सांगायच्या, अजून मागे घेता येईल, आणि ती दर वेळी नाही म्हणायची. शेवटी माईंची साक्ष निघाली. खोली लहानशी, पंखा कुरकुरणारा, पिंजरा म्हणजे कंबरेएवढा लाकडी कठडा. या खेपेला न्यायाधीश बाई होत्या, पन्नाशीच्या, सर्दीने बेजार झालेल्या. जावयाचा वकील मात्र तोच. चष्मा पुसत उठला.

"बाई, आपला नवा सिनेमा पाहिला," तो गोड आवाजात म्हणाला. "छान कोसळलात."

"मी नव्हते ती."

"अस्सं? सगळ्या गावाने तर आपल्याला पाहिलं."

"सगळं गाव हसलं, तेही पाहिलं असेल तुम्ही. मी कोसळायला नाही म्हटलं, म्हणून दुसरी बाई आणली. तिचे बूट बघा."

न्यायाधीशबाईंनी रुमाल नाकाला लावला. त्या हसल्या की शिंकल्या, ते कळलं नाही.

वकिलाने सूर बदलला. "मागच्या वेळी या मुलीसाठी आपल्या डोळ्यांतून टिपूसही आला नव्हता. ते रेकॉर्डवर आहे."

"आहे."

"आजही येत नाहीये."

"नाही येत," माई म्हणाल्या. आवाज थोडा कापला, पण त्यांनी तो कापू दिला. "तुम्ही मला मागच्या वेळी रडायला सांगितलंत. मी रडले असते तर म्हणाला असतात, ही नटी आहे. नाही रडले तर म्हणालात, हिला माया नाही. म्हणजे मी काहीही केलं तरी पोरगी जाणारच होती. तेव्हा मला हे बोलता आलं नाही. आज बोलते. माझ्या रडण्यावरून पोरीचं घर ठरवू नका. मला तिच्याबद्दल विचारा. तिला झोपताना कोणता कान दुखतो ते विचारा. ती कशाला घाबरते ते विचारा. तिची आई तिला पोहायला शिकवते तेव्हा कुठे उभी राहते, ते विचारा. तुम्ही आतापर्यंत दोन्ही वेळा फक्त माझ्याबद्दल विचारलंय."

वकील न्यायाधीशबाईंकडे वळला. "हे प्रश्नाचं उत्तर नाही."

"नाहीये," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण प्रश्नही विशेष नव्हता. कोणता कान?"

"डावा," माई म्हणाल्या.

वकिलाने अजून बराच वेळ उलटतपासणी चालवली. माई उभ्याच होत्या. खुर्ची देऊ केली ती घेतली नाही. पाय भरून आले, टाचा ठणकायला लागल्या, पण वकील खाली बसल्यावरच त्या कठड्यामागून बाहेर आल्या. बाहेरच्या बाकावर बसल्यावर मात्र त्यांना उठवेना, आणि लेकीने त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळले. येणारे जाणारे बघत होते. बघू देत, असं दोघींच्याही चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

निकाल लागला तो अर्धामुर्धा. पोरगी बापाकडेच राहणार, पण शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ आईकडे, आणि शाळेच्या सुट्ट्या निम्म्या निम्म्या. जावई तणतणत निघून गेला. वकीलबाईंनी अभिनंदन केलं. लेक म्हणाली, "सुट्ट्या पूर्ण मागायला हव्या होत्या," आणि पुढचा अर्ज कधी करता येतो, हे जिना उतरता उतरताच विचारून घेतलं.

पहिल्या शुक्रवारी नात आली. पाठीवर दप्तर, केस विस्कटलेले, समोरचा एक दात पडलेला. लेकीने दार उघडलं, मिठी मारायला हात पुढे केले. नात उंबऱ्याबाहेरच थांबली. हाताची घडी घातली.

"उद्या माझ्या मैत्रिणीकडे सगळ्या जमणारेत," ती म्हणाली. "आणि मला इथे आणलं."

"अगं, आपण किती दिवस वाट बघत होतो," लेक म्हणाली.

"तुम्ही बघत होता. मला त्या कोर्टातल्या बाईंनी विचारलं. तुम्ही कुणीच नाही विचारलं. बाबांनी पण नाही आणि तू पण नाही."

लेकीचे हात तसेच राहिले. ती वळून आईकडे बघायला लागली. माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पोरीने पाय असे रोवले होते की कुणी ओढलं असतं तरी हलली नसती. माई दोन पावलं पुढे आल्या.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. आता विचारते. उद्या मैत्रिणीकडे जायचंय की इथे राहायचंय?"

नातीला ही अपेक्षा नव्हती. तिने आजीकडे संशयाने पाहिलं, मग आईकडे, मग आतल्या टेबलावर वाळत ठेवलेल्या जबड्यांकडे. त्यांच्यावर तिची नजर जरा जास्त वेळ राहिली.

"मी विचार करून सांगते," ती म्हणाली.

माईंनी एक खुर्ची आणून दारातच ठेवली आणि आपल्यासाठी दुसरी आणायला आत गेल्या.